बत्तीस घरांचा पोपट

प्रिय मामाजी,

सासऱ्याला 'प्रिय' लिहीत नाहीत, ठाऊक आहे मला. 'तीर्थरूप' लिहितात. पण तीर्थरूप लिहिलं की पुढे भांडता येत नाही, आणि मला आज भांडायचं आहे. थोडं तुमच्याशी, जास्त बाकीच्यांशी.

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच का सुचलं? सांगते. परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर सुरू केला आणि पाहते तर पडद्यावर तुमचा पोपट नाही! कमळ नाही, वाघ नाही, बैल नाही. नुसती पिवळी फोल्डरं, एकाखाली एक, सगळी सारखी आणि सगळी बिननावाची. मी वेड्यासारखी कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. पोपट काही आला नाही.

आदल्या दिवशी मी फुलसावंगीला माहेरी गेले होते. तेवढ्यात भाऊजींनी, म्हणजे तुमच्या थोरल्या चिरंजीवांनी, यवतमाळहून एक माणूस आणून कॉम्प्युटर 'साफ' करून घेतला. पडद्यावरच्या त्या बोटाच्या पेराएवढ्या चित्रांना कॉम्प्युटरवाले आयकॉन म्हणतात. तुम्ही दीड वर्ष खपून काढलेले सगळे आयकॉन त्या माणसानं फालतू फाईली म्हणून पुसून टाकले. साफ म्हणे! आपला कॉम्प्युटर घाण कधी होता हो?

भाऊजींना फोन केला, तर म्हणाले, "ते काय दुकानाचं कॉम्प्युटर वाटत होतं? जत्रंतलं दुकान वाटत होतं. आज धा वाजता ऑपरेटर येऊन राह्यला. त्याले हे पोपट-फिपट समजत नाही. आन् तू आता घरी बस. बाबा होते तवा गोष्ट येगळी होती. हायवेवर ट्रकवाल्यायच्या तोंडी बाईमाणूस कायले पाह्यजे?"

तर मामाजी, भांडण असं आहे. एका बाजूला ऑपरेटर, एका बाजूला मी, आणि मधे तुमची खुर्ची.

या खुर्चीत तुम्ही पहिल्यांदा बसलात तो दिवस आठवतो? पस्तीस वर्षं ट्रक रंगवलेत. नागपूरहून हैदराबादेला निघालेला ड्रायव्हर मुद्दाम पांढरकवड्याला थांबून मागच्या फळ्यावर तुमचा पोपट काढून घ्यायचा. मग एका उन्हाळ्यात हात थरथरायला लागला. रेघ सरळ येईना. तुम्ही ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेत आणि म्हणालात, "झालं माह्यं." त्याच वर्षी भाऊजींनी फ्लेक्स छापायचं मशीन आणि कॉम्प्युटर आणून दिला. कॉम्प्युटरचा कोर्स घरात एकट्या मी केलेला. पण सून सासऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसणार कशी? म्हणून तुम्ही खुर्चीत, आणि मी डोक्यावर पदर घेऊन मागे दाराशी उभी. तिथूनच ओरडायची, "डावीकडं न्या जी मामाजी! अजून डावीकडं!" तुम्ही माउस टेबलाच्या कडेपर्यंत ओढत न्यायचे आणि चिडायचे, "अवं किती डावीकडं? आता भितच लागली!"

गिऱ्हाईक आलं की खुर्चीत तुम्ही. गिऱ्हाईक गेलं आणि तुम्ही जेवायला घरी गेलात की खुर्चीत मी. डिझाईनं माझी, नाव तुमचं. त्याबद्दल पुढे बोलते. विसरलेले नाही.

मग ते गुरुजींच्या बॅनरचं प्रकरण झालं. शेजारच्या गावचे एक रिटायर गुरुजी वारले. त्यांचं पहिलं नाव आणि तुमचं नाव एकच. त्यांच्या तेरवीचा श्रद्धांजलीचा बॅनर मी करून ठेवला आणि घरी भाकरी टाकायला आले. तुम्ही फोन केलात, "सूनबाई, पोट्टे येऊन बसले बॅनर न्याले. कोणती फाईल दाबू?" फाईलींची नावं इंग्रजीत. तुम्ही जन्मभर ट्रकवर 'हॉर्न प्लीज' रंगवलं, पण इंग्रजी अक्षरं तुमच्या लेखी चित्रंच होती, वाचता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव. आणि मी गुरुजींचं नाव सांगू कशी? ते तर तुमचं नाव! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर ओठावरही आणायचं नाही, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बजावलेलं. मी म्हटलं, "मामाजी, तुमचं नाव ज्याच्यावर हाय ना, ते दाबा जी."

तुम्ही दाबलंत. तुमच्या नावाच्या फाईली होत्या दोन. मशीन चाललं, पोरांनी गुंडाळी काखोटीला मारली आणि गेली. तेरवीच्या मांडवात, पंगत बसायच्या वेळी, चार जणांनी बॅनर उलगडला. वर तुमचं नाव, दहा फुटी. खाली, 'ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर रंगवून मिळतील. एकदा अवश्य भेट द्या.'

तुम्ही सायकलवरून तणतणत घरी आलात. "नाव घेतलं असतं त दात पडले असते काय व तुह्ये?"

"तुमच्याच घरची रीत हाय, मामाजी," मी पदराआडून म्हटलं.

तुम्ही आतल्या दाराकडे पाहिलंत. आत सासूबाई होत्या. मग खाटेवर बसलात आणि एकाएकी हसायला लागलात, ठसका लागेपर्यंत. "गुर्जी बिचारे मेले, पन जाता जाता माह्यी जाहिरात करून गेले!" म्हणालात. नंतर दुसरा बॅनर छापून तुम्ही स्वतः नेऊन दिलात, हात जोडून माफी मागितलीत, हेही मला ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी तुम्ही ठरवलंत, "नावंच नको. तुले घेता येत नाही, मले वाचता येत नाही. चित्रं लावू."

फोल्डरवर उजवं बटण दाबून आयकॉन बदलता येतो, एवढं मला कोर्समध्ये शिकवलेलं. तिथे कॉम्प्युटर स्वतःजवळची चित्रं दाखवतो. तारा, कुलूप, झाड. तुम्ही एकेक पाहिलंत आणि तोंड वाकडं केलंत. "कोणत्या पेंटरनं काढलं व हे? ह्या झाडाले त जीवच नाही." मग आपली चित्रं आपणच काढायची ठरली. आडवी बत्तीस घरं, उभी बत्तीस घरं, तेवढ्यात सगळं बसवायचं. मी चौकटी पडदाभर मोठ्या करून दिल्या. एका घरावर जायचं, बटण दाबायचं, रंग भरला. पुढचं घर.

आणि मामाजी, त्या घरांत तुमच्या थरथरीचं काही चाललं नाही! हात हलला तरी घर तेच, रंग तिथेच. पहिल्या पोपटाला आठ दिवस लागले. चोचीच्या जागी एक लाल घर जास्त भरलं गेलं, म्हणून तुम्ही एक दुपार जेवला नाहीत. आठव्या दिवशी तो पडद्यावर बसला, हिरवागार, मान वळवून, थेट ट्रकवरच्यासारखा. तुम्ही खुर्ची मागे सारून उभे राहिलात. "नाही झालं व माह्यं अजून," म्हणालात. मी दाराशी उभी होते. पदराचा तेवढा फायदा असतो, डोळे पुसता येतात.

मग तुम्हाला आवरणार कोण! कमळ म्हणजे लग्नाचे बॅनर. पणती म्हणजे श्रद्धांजली. बैल म्हणजे पोळा. वाघ म्हणजे पुढाऱ्यांचे वाढदिवस. "जंगलात कमी अन् आपल्या फोल्डरमध्येच जास्त वाघ झाले," हे तुमचंच वाक्य. तुमच्या जुन्या ट्रकांच्या फोटोंवर दोन डोळे, ट्रकच्या कपाळावर असतात तसे. तुमच्या धाकट्या चिरंजीवांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गाडीच्या कागदपत्रांवर तुम्ही काढलं कासव. ड्रायव्हर माणूस आणि कासव! मी घरी जाऊन एकटीच हसले होते.

नावं तर तुम्ही पुसायलाच लावलीत. कॉम्प्युटर बिननावाचं फोल्डर ठेवू देत नाही. मग मी एकाच्या नावात एक न दिसणारं अक्षर भरलं, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. त्यानंतर फोनवर मी म्हणायची, "पणतीवर दाबा जी," आणि तुम्ही दाबायचे. एकदाही चूक झाली नाही.

आणि कचऱ्याची टोपली! तिच्यावर तुम्ही नजर लागू नये म्हणून ट्रकमागे काढतात तो राक्षस काढलात, आ वासलेला. नको ती फाईल त्याच्या तोंडात टाकायची. पण खरं सांगा, त्याच्या मिशीची ती वर वळलेली चार काळी घरं भाऊजींची होती ना? मुद्दामच काढली होती ना? भाऊजींनी ती ओळखली असणार, मामाजी. माझा तर पक्का संशय आहे की सगळी सफाई त्या चार घरांपायी झाली!

चित्रांची दुसरी प्रत नाही का, असं कोणीही विचारेल. होती. पेन ड्राईव्हमध्ये होती. पण खंडेनवमीला तुम्ही ब्रशांबरोबर, डब्यांबरोबर तोही पाटावर मांडलात आणि त्याचं झाकण काढून, जिथे नेमकं लावू नये तिथेच, हळद-कुंकू लावलंत. वर पाणी शिंपडलंत. मी म्हणत होते, नका. तुम्ही म्हणालात, "अवजार हाय, त्याले मान नको?" मान मिळाला आणि तो कायमचा मुका झाला. अजून आहे माझ्याजवळ, कुंकवासकट.

आता माझी चूक. ती मी टाळत आले.

तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या दिवशी बरोबर मी एकटीच होते. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि मी कागद मागितला. तो म्हणाला, "बोला ना बाई, मी लिहितो." मी पुन्हा कागद मागितला. मागे रांग. तुम्ही स्ट्रेचरवर, धाप लागलेली. शेवटी तुम्हीच तोंडावरचा मास्क बाजूला करून आपलं नाव सांगितलंत, आणि माझ्याकडे बघून हसलात. तुम्हाला चीड आली असती तर बरं झालं असतं. त्या हसण्यानं मी दोन महिने नीट जेवलेले नाही. कसली ती रीत, ज्या रीतीपायी आजारी माणसाला आपलं नाव आपणच सांगावं लागतं?

पण तुम्हीही काही कमी नाही. साऱ्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात 'डिझाईन' लिहून पुढे तुमचं नाव. लोक तुम्हाला म्हणायचे, "काय हात आहे हो तुमचा अजून!" आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत खूश. तुमची दोन्ही पोरं समोर बसलेली असताना, एकदा, फक्त एकदा, 'हे दुकान सूनबाई चालवते' असं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? तुमचे तर दात पडणार नव्हते! तेवढं एक वाक्य टाकून गेला असतात, तर परवा ऑपरेटर आला नसता.

एकदा मी विचारलंही होतं, मामाजी, साऱ्यांना चित्र काढलं, माझ्या फोल्डरला काहून नाही? तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, "तुले कायले चित्र? तू त हायसच ना इथं." तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता नाही वाटत. हायसच म्हणून भागत नाही, मामाजी.

तर परवा दहाला ऑपरेटर आला. मला समजावून घरी न्यायला भाऊजी सासूबाईंनाही गाडीवर घेऊन आले. ऑपरेटर खुर्चीत बसला तोच एका गावचे दोघे पोळ्याचा बॅनर मागायला आले. "मागच्या सालचाच द्या, फक्त साल बदला. बैलायचे फोटो तेच राहू द्या." ऑपरेटरनं पडद्याकडे पाहिलं. पिवळी फोल्डरं, नाव कशालाच नाही, आणि यवतमाळच्या माणसानं जागाही बदलून टाकलेल्या. त्यानं एक उघडलं, आत शेकडो फाईली. दुसरं उघडलं. तिसरं. घाम पुसला.

"नावं कुठं गेली ह्याची?" भाऊजी माझ्यावरच ओरडले.

"नावं नव्हतीच जी. चित्रं होती. ते तुमी पुसले."

"मंग सांग ना कोणतं हाय ते."

"सांगतो," मी म्हटलं. "पन उभ्यानं नाही सांगत."

ऑपरेटर उठला. चांगला होता बिचारा. आणि मी, मामाजी, भाऊजी समोर उभे असताना, सासूबाई बाकावर बसलेल्या असताना, तुमच्या खुर्चीत बसले. आतल्या फाईली माझ्याच हातच्या, चौथ्या फोल्डरात पोळा सापडला. साल बदललं, बॅनर छापला, ते दोघे घेऊन गेले. ऑपरेटर "चहा पिऊन येतो" म्हणाला आणि गेला तो दुपारपर्यंत आलाच नाही.

भाऊजी खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बरं. आता साऱ्या फोल्डरले नावं टाकून दे अन् जाय घरी. हे जुन्या ट्रकच्या फोटूचं, हे कोणाचं हाय? घे नाव."

त्यांना माहीत होतं कोणाचं आहे. मी गप्प बसेन, लाजेन, पदर ओढून उठेन, असा त्यांचा हिशोब. आणि एक क्षण मला त्या खिडकीवरचा माणूस दिसला, आणि मास्क बाजूला करणारा तुमचा हात.

मी तुमचं नाव घेतलं. मोठ्यानं, पेंटरसकट.

"लाज नाही वाटत? सासऱ्याचं नाव घेते!"

"भायेर धा फुटी बोर्डावर लिवलं हाय जी. रस्त्यानं जाणारा एकेक ट्रक वाचून जाते. मीच काहून मुकी राहू?"

मी मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. रीत त्यांची, शिकवण त्यांची. म्हटलं, आता होऊन जाऊ दे. त्या बाकावर तशाच बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी.

"अजून एक डाव घे व," त्या म्हणाल्या. "मले नीट आयकू नाही आलं."

ऐकू आलं होतं, मामाजी. त्यांचे कान तुमच्यापेक्षा धड आहेत. पण चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडून एकदाही घेतलेलं नव्हतं. मी पुन्हा घेतलं. त्यांनी मान हलवली, डबा उघडला आणि माझ्यासमोर ठेवला, तिथेच, तुमच्या टेबलावर. भाऊजी म्हणाले, "पोळा होऊ दे, मंग पाहू." पाहा म्हटलं. मीही इथेच आहे, या खुर्चीत. तुमच्या धाकट्या चिरंजीवांचा हैदराबादेहून फोन आला, "मी आलो का दादाशी बोलतो." कासव तुम्ही उगाच नाही काढलं.

परवापासून मी घरं भरते आहे. पोपट आज दुपारी पुरा झाला, म्हणूनच हे पत्र. तुम्ही आठ दिवस घेतलेत, मी दोन. फुगू नका, मला तुमची घरं पाठ होती. तरी तुमच्यासारखा झालेला नाही. मान जरा जास्तच ताठ आली आहे, आणि मी ती बदलणार नाही. राक्षसही काढणार आहे, मिशीसकट. आणि माझ्या फोल्डरलाही चित्र काढलं, तुम्हाला न विचारता. लाकडाची घोडी. ट्रक रंगवताना तुम्ही जिच्यावर उभे राहायचे आणि मला कधी पाय ठेवू दिला नाहीत, तीच.

तिच्याबद्दलच वचन देते. पोळा झाला की तुमच्या कासवाचा ट्रक घरी येईल. त्याचा मागचा फळा तुमच्या हाताच्या थरथरीपासून कोराच आहे. मी पदर खोचून घोडीवर चढेन, भर हायवेवर, भर दुपारी, भाऊजी बघत असले तर त्यांच्यासमोर, आणि ताठ मानेचा पोपट काढेन. नागपूर ते हैदराबाद ज्याला बघायचा त्यानं बघावा. आणि खाली कोपऱ्यात, तुम्ही करायचे तशी, सही करेन. कोणी विचारलं, कोणाचा हात आहे, तर कागद मागणार नाही. या पत्राखाली करते आहे, तीच सही तिथे असेल.

पुंडलिक पेंटर यांची सून,
मनीषा पेंटर,
पांढरकवडा